कुडपणच्या गाडीतला आवाज

गाडीत आवाज नाही, असं मी डिसेंबरात सांगितलं, आणि त्यानंतर सव्वादोन महिने साळूवहिनी कानाच्या गोळ्या खात होत्या. हे मला कळलं एका मंगळवारी सकाळी, महाडात माझ्या गॅरेजच्या दारात, आणि तेही सहज. मालोजीराव गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले होते. कुडपणचे मालोजीराव म्हणजे माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. वर पठारावर त्यांची नाचणी-वरीची शेती, आणि सुट्टीच्या दिवशी पठार बघायला येणाऱ्या लोकांना पोलादपुराहून वर न्यायला ही सात सिटांची उंच गाडी. गाडीचं पुस्तक काढायला त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर पुस्तकाआधी गोळ्यांचं पाकीट खाली पडलं आणि पाठोपाठ घडी घातलेला डॉक्टरांचा कागद. मी उचलून दिला. कागदावर कानाचं चित्र होतं. "कुणाचे कान?" मी विचारलं. "हिचे," मालोजीराव मागच्या सिटाकडे मान उडवून म्हणाले. "शिट्टी वाजते हिच्या कानात. तुमी गाडी बघून दिलीत ना, तवापासून." मागच्या सिटावर त्यांची बायको, साळूवहिनी, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागल्या.

मी म्हटलं, गाडीचा आणि कानाचा काय संबंध? मालोजीराव शांतपणे समजावून सांगू लागले, जसं काही शेतावरचा हिशेबी व्यवहार समजावताहेत. "ही म्हणायची गाडी मागून रडते. म्हणून तर डिसेंबरात तुमच्याकडं आलो. तुमी फिरवून आणलीत, बोल्लात काय आवाज नाय. तरी हिचा आपला चालूच. मग मी म्हटला, गाडीत आवाज नाय, तर हाय कुठं? कानात." यात मला काही चुकीचं दिसेना. पहिली गोष्ट खरी धरली तर पुढचं सगळं बरोबर होतं. डॉक्टरांचा तरी काय दोष? बाईला शिट्टी ऐकू येते आणि तिथे शिट्टी वाजवणारं काही नाही, असं नवरा शपथेवर सांगतो, म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर गोळीच देणार. तीन वेळा एकेक, जेवणानंतर. "गोळीनं गुंगी येते जरा," मालोजीराव म्हणाले, "पण आता शिट्टीचं नाव काढत नाय." त्यांना बरं वाटत होतं. वीस वर्षांत मी त्यांना कधी फसवलं नव्हतं, हे मला त्या क्षणी का आठवावं ते कळेना.

तेवढ्यात समोरच्या टपरीवरचा चांगू चहाचे दोन कटिंग घेऊन आला. चांगू माझ्याच वयाचा, साठीला टेकलेला, तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "मालोजीराव, गाडी काय वरडते हो. पुलापासनं ऐकतोय." मालोजीराव त्याच्याकडे बघत राहिले. "तुला येतो आवाज?" "मला काय," चांगू म्हणाला, "बहिऱ्याला पण येल." त्यावर मालोजीरावांनी चहाचा घोट घेतला, तो गिळला, आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "मला पण यायचा, इरशादभाय. पण म्हटला तुमी नाय म्हणता, म्हणजे हिचं ऐकून ऐकून माझ्या पण डोक्यात शिरला असंल." मला घाम फुटला. फेब्रुवारीची सकाळ, अजून गारवा होता, आणि माझ्या पाठीवरून घाम चालला होता. मी चहा घेतला नाही. चांगूने विचारलं, साखर कमी आहे का. मी काहीतरी पुटपुटलो.

डिसेंबरातली ती फेरी मला स्वच्छ आठवत होती. मागचं सीट काढून ठेवलं, काचा खाली केल्या, मी स्वतः चालवत गावाबाहेर जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली होती. इतकी शांत की मला स्वतःच्या हाताचंच कौतुक वाटलं. आदल्या वर्षी क्लच मीच बसवला होता. परत आल्यावर साळूवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आला का आवाज?" तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण चारचौघं हसली होती. मी म्हणालो, "वहिनी, गाडी नाही रडत, तुमचं मन रडतंय. चार दिवस माहेरी जाऊन या." मालोजीरावही हसले. वहिनी हसल्या नाहीत, पण तेव्हा मला ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि गंमत वाटली. साला, गंमत. अख्ख्या तालुक्यात माझा कान प्रसिद्ध. गाडी वळणावर आली की इरशाद गॅरेजात बसून सांगतो, कुठल्या चाकाचं बेरिंग गेलंय. बिरवाडीच्या कारखान्यांची वाहनं, खाडीपट्ट्यातले टेम्पो, कुणीही यावं, मी शेजारी बसून एक फेरी मारायची आणि निकाल द्यायचा. पंपावर लोक माझी नक्कल करायचे, डोळे मिटून मान तिरकी करून. कान असताना पाना कशाला, हे माझं वाक्य. खरं तर त्या दिवशी गाडीखाली शिरून एक नट सैल केला असता आणि तेलात बोट बुडवलं असतं तर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. पण ज्याला ऐकू येतं त्याने बोट का बुडवावं?

मी म्हटलं, चला, एक फेरी मारू. वहिनींना उतरायला सांगितलं नाही, त्याही उतरल्या नाहीत. मी गाडी हायवेला घातली, पोलादपूरच्या दिशेने. साठ, सत्तर. काच खाली केली. वाऱ्याचा आवाज आला, टायरांचा आला, इंजिनाचा नेहमीचा जाड घोळ आला. बाकी काही नाही. अगदी काही नाही. मी दात आवळून ऐकत होतो आणि शेजारी मालोजीराव माझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघत. तेव्हा मी एक हलकटपणा केला. परीक्षा घेणाऱ्या मास्तरच्या सुरात म्हणालो, "मालोजीराव, आता तुम्ही सांगा बघू, पाय दाबला की आवाज वाढतो की सोडला की?" ते म्हणाले, "मी काय सांगू? तुमी हाव ना." मी म्हटलं, "सांगा तर खरं." ते गोंधळले. मग मागून आवाज आला, साळूवहिनींचा, बारीक, मला कान ताणून घ्यावा लागला. "पाय दाबलात की चढतो. सोडलात की कमी होतो, पण बंद नाय होत. चढाला जास्ती. सकाळी गाडी थंड असली की नाय येत, पोलादपूर मागं पडला की सुरू होतो. डाव्या-उजव्या वळणाला काय फरक नाय."

चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला असं सांगितलं नव्हतं. लोक येतात आणि म्हणतात, भाय, मागं काहीतरी वाजतंय. या बाईने सव्वादोन महिने, गोळीच्या गुंगीत, एकटीने, ज्या आवाजाला तिच्या घरात कुणी आवाज मानत नव्हतं, तो इतका नीट ऐकून ठेवला होता. वळणाला फरक नाही म्हणजे चाकाचं बेरिंग नाही. पाय दाबला की चढतो म्हणजे टायर नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफ्रन्शियल, इंजिनाचा जोर जिथे वळून चाकांकडे जातो, त्याच्या आत तोंडाशी एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. त्याचं बेरिंग. मला गाडीत बसल्या बसल्या दिसलं. पण ते त्यांनी सांगितलं म्हणून दिसलं. मी गाडी वळवली आणि म्हणालो, "बरोबर, मलाही तेच वाटत होतं." हे वाक्यही मला शब्दन्‌शब्द आठवतं.

गाडी वर घेतली, गोळ्याचा खालचा नट सोडला. तेल काळं-पिवळं यायला हवं, ते आलं दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी. बोट घातलं तर बोटाला चांदीचा वर्ख लागला, लोखंडाचा बारीक चुरा. मालोजीराव वाकून बघत होते. मी विचारलं, गाडी कुठे धुता? ते म्हणाले, "कुठं म्हणजे, नदीत." म्हणजे सगळे धुतात तशीच. पोलादपूरला सावित्रीच्या पात्रात गाडी उतरवायची, अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यात उभी करायची, बादल्या मारायच्या. घाट उतरून आल्या आल्या, गाडी गरम असतानाच. मी त्यांना सांगितलं की गोळा तापलेला असतो, थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि वरच्या बारीक नळीतून तो पाणी पितो. तहानलेल्या माणसासारखा पितो. "आमी तर गाडीला जपायला धुतो," मालोजीराव म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला. त्यांना मी सांगितलं नाही की डिसेंबरात हेच तेल बदललं असतं तर बेरिंग कदाचित वाचलं असतं. हेही सांगितलं नाही की घाटात हे बेरिंग आवळलं असतं तर मागची दोन्ही चाकं जागेवर जाम झाली असती, उतारावर, सात माणसांसकट. कुडपणच्या रस्त्याला डाव्या हाताला काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी फक्त म्हणालो, शनिवारी या. ते दोघं यष्टीने वर गेले. वहिनींनी जाताना गोळ्यांचं पाकीट कप्प्यातून काढून पिशवीत टाकलं.

त्या दुपारी मी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गोळा खोलला. हात चालत होते, हातांना काही विचारावं लागत नाही. बेरिंगच्या रोलरांवर खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. पिनियनचे दातही चावले गेले होते, म्हणजे ती जोडीच बदलायची. मी ते बेरिंग हातात धरून बोटाने फिरवलं. ते बोटाला करकरलं. कानाशी नेलं तर तिथे काही नव्हतं. मग मी टेबलावरचा मोबाइल घेतला आणि त्याची घंटी वाजवून बघितली, जवळ, लांब, डावीकडे, उजवीकडे. एखादा माणूस दिवाळीच्या पणत्या मोजतो तशा मी गेलेल्या गोष्टी मोजत बसलो. कुकरची शिट्टी. रातकिडे, ते कधीपासून बंद आहेत? मला वाटलं होतं कारखान्यांच्या धुराने मेले असतील. आणि अलीशबा. माझी नात, शारजात असते, पाच वर्षांची, शुक्रवारी व्हिडिओवर येते आणि काय काय सांगते. तिचं तोंड हलताना दिसतं, दात पडलाय तोही दिसतो, आणि मी दर शुक्रवारी म्हणतो, नेट खराब आहे बेटा, नंतर बोलू. तिचा बाप तिथून म्हणतो, अब्बा, इकडे तर व्यवस्थित आहे. दीड वर्ष मी नेटला शिव्या देतोय. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी रोज बघत होतो, आणि दरवेळी दुसऱ्याच कुणाचा तरी दोष काढून मोकळा होत होतो. मला रडू आलं नाही. राग आला, भयंकर राग, आणि तो काढायला समोर ते बेरिंग सोडून कुणी नव्हतं.

शिवाय दुसरा विचार, तो जास्त वाईट होता. दीड वर्षात किती गाड्या? किती जणांना मी मान तिरकी करून सांगितलं असेल, काही नाही, टायर घासलेत, जा बिनधास्त? त्यांच्या घरी कोण कोण गोळ्या खात असेल? मी नावं आठवू लागलो. बिरवाडीचा दूधवाला टेम्पो. वरंधकडची एक जीप. एक लग्नाची गाडी. पुढे आठवेनात, आणि आठवेनात हेच बरं वाटलं.

जेवताना रिझवानाला सांगितलं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती समोर बसून भाकरी मोडत होती. मी म्हटलं, "मला वाटतं माझे कान गेलेत. बारीक आवाज येत नाहीत." तिने वर बघितलं नाही. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?" "सांगितलं," ती म्हणाली. "तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. मग मी मोठ्याने बोलायला लागले. मग म्हणालात, अंगावर ओरडू नकोस." तिने माझ्या ताटात भात वाढला. मला हे आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला तिच्या वाढण्यावरून कळलं. तो भात मी संपवला, कसा ते माझं मला माहीत.

सुटे भाग गुरुवारी आले. पिनियन बसवणं हे चिकाटीचं काम. त्याच्यामागे पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या, केसाएवढ्या जाडीच्या, एक कमी झाली तरी दात दातांना खातात, एक जास्त झाली तरी खातात. पूर्वी मी चकत्या अंदाजाने घालायचो, फिरवून ऐकायचो आणि म्हणायचो, झालं. या वेळी ऐकणं नव्हतं. मी दातांना निळा रंग लावला, फिरवलं, रंग कुठे पुसला जातो ते चष्मा लावून बघितलं, पुन्हा खोललं, एक चकती काढली, पुन्हा रंग. सहा वेळा. दोन दातांमधली फट मोजायला काट्याचं घड्याळ मागून आणलं, जे मी आयुष्यात वापरलं नव्हतं आणि वापरणाऱ्यांना हसलो होतो. शुक्रवारी नमाजाची वेळ टळून गेली तरी मी गाडीखालीच होतो. असं स्वच्छ काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. आणि तरीही, नवं तेल भरून शेवटचा नट आवळल्यावर मला माहीत नव्हतं की गाडी शांत झाली की नाही. चांगूला बसवून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. चांगूचा कान मला नको होता. ज्या बाईला मी खोटं पाडलं होतं तिनेच सांगावं, मग ती काय सांगेल ते सांगो, असं मी ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्याने मला जरा हलकं वाटत होतं. स्वतःबद्दल चांगलं वाटायला माणसाला किती थोडं पुरतं.

शनिवारी सकाळी दोघं आले. मी त्यांना गॅरेजात स्टुलावर बसवलं आणि उभा राहिलो. मी म्हणालो, "वहिनी, तुमचे कान ठणठणीत आहेत. माझे गेलेत. डिसेंबरात गाडी रडत होती, ती मला ऐकू आली नाही. मंगळवारीही आली नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून मला बेरिंग सापडलं, आणि मी म्हणालो मलाही तेच वाटत होतं, ते खोटं होतं. आणि तेव्हा मी जी चेष्टा केली तिची मला लाज वाटते." इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. मालोजीराव हसायला लागले. "काय इरशादभाय," ते म्हणाले, "तुमचे कान गेले तर महाडच्या गाड्यांनी जायचं कुठं? हिचं मन राखायला बोलता, कळतं मला." मी म्हटलं, "मालोजीराव, खरं बोलतोय." "बरा, बरा," ते म्हणाले आणि हसतच राहिले. साळूवहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी मनात म्हणत होतो की आता काहीतरी बोला, शिव्या घाला. त्या म्हणाल्या, "मग त्या गोळ्या?" मी म्हटलं, "डॉक्टरांना सगळं सांगा आणि विचारून बंद करा." त्यांनी मान हलवली. "चूल पेटवताना झोप यायची," त्या म्हणाल्या. "एकदा पदर धरला होता आगीनं." मालोजीराव म्हणाले, "ते काय एवढा नव्हता."

मी गाडी काढली. शेजारी मालोजीराव, मागे वहिनी, मंगळवारसारखेच. हायवेला लागलो. पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सत्तरवर नेली. आरशात मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. त्या ऐकत होत्या. माझी छाती अशी धडधडत होती की ती मात्र मला ऐकू येत होती. विचारायचं धाडस होईना. मालोजीराव नदीत गाडी धुणं कसं बंद केलंय ते सांगत होते, त्यांचा आवाज जाड, तो मला अजून नीट येतो. परत येताना बिरवाडी फाटा आला तेव्हा मागून वहिनी म्हणाल्या, "हिथं थांबवा." मी बाजूला घेतली. मला वाटलं आवाज आलाच, संपलं. त्या खाली उतरल्या, पिशवी घेतली, आणि वळसा घालून माझ्या खिडकीशी आल्या. त्या मुद्दाम मोठ्याने, सावकाश बोलल्या, माझ्या तोंडाकडे बघून, जसं आपल्या घरातल्या म्हाताऱ्याशी बोलतात. "आवाज गेला, भाय. पाय दाबलात तवा पण नाय, सोडलात तवा पण नाय. गाडी चांगली केलीत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मग बसा ना वहिनी, उतरलात कशाला?" "मी यष्टीनं जाते," त्या म्हणाल्या.

मालोजीराव माझ्या अंगावरून वाकून म्हणाले, "अगो, असा काय करतेस? आपली गाडी हाय. आता तर बरी झाली." "तुमी या गाडीनं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. बाजारात आपण म्हणतो ना, तुम्ही पुढे व्हा, मला अजून कोथिंबीर घ्यायची आहे, तसं त्या म्हणाल्या. आणि रस्ता ओलांडून पोलादपूरच्या यष्टीच्या थांब्यावर जाऊन, दोन कामगारांच्या शेजारी, बाकड्यावर बसल्या. मालोजीरावांनी दोनदा हाक मारली. पहिली हाक त्यांना ऐकू गेली हे मला इथून दिसलं, कारण त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. दुसऱ्या हाकेला त्या हललेल्या दिसल्या नाहीत. मग मालोजीरावांनी काच वर केली, माझ्याकडे सरकले आणि आवाज खाली घेऊन, आपल्या माणसाला विचारतात तसं, विचारलं, "पण इरशादभाय, तुमी सांगा. गेलाय ना आवाज खरंच?"